जुन्या फोनवर तुमची साइट कोरी का दिसते?

आमच्या ग्राहकांसाठी माहितीपत्रक

नवी साइट सुरू झाली की काही दिवसांत हमखास एक फोन येतो. "अहो, माझ्याकडे छान उघडते, पण आमच्या एका गिऱ्हाइकाकडे नुसतं पांढरं पान येतंय." त्या गिऱ्हाइकाचं नेट चालू असतं, पत्ता बरोबर टाकलेला असतो, बाकीच्या साइटी उघडत असतात. अशा वेळी बहुतेकदा घोळ एकच असतो: साइट ज्या जावास्क्रिप्टमध्ये (वेबपानं चालती ठेवणाऱ्या प्रोग्रॅमिंगच्या भाषेत) लिहिली आहे ती त्या फोनमधल्या ब्राउझरपेक्षा वयाने लहान आहे. त्यावर इलाज आहे आणि तो आम्ही करतो. पण किती जुन्या फोनपर्यंत मागे जायचं हे तुमच्याशी बोलल्याशिवाय आम्हाला ठरवता येत नाही, म्हणून हे पत्रक.

"फोन बदला म्हणावं त्यांना" हे उत्तर आम्ही देत नाही. वागळे इस्टेटमधल्या आमच्या कार्यालयात येणारे ग्राहक म्हणजे नौपाड्यातले क्लास, घोडबंदर रोडवरच्या सोसायट्या आणि वाशीच्या बाजार समितीतले व्यापारी. क्लासची फी भरणारे आजोबा किंवा सोसायटीचं मेंटेनन्स बिल बघणाऱ्या काकू तुमच्या साइटसाठी नवा फोन घेणार नाहीत. त्या सरळ तुम्हाला फोन करतील, आणि मग साइट करून घेतली कशाला?

दोन प्रकारचे बिघाड

जावास्क्रिप्ट 1995 साली नेटस्केप ब्राउझरसाठी तयार झाली. 2009 मध्ये तिची पाचवी प्रमाण आवृत्ती आली आणि पुढे बरीच वर्षं तिच्यावरच सगळं भागलं. जून 2015 मध्ये सहावी आली, फार मोठे बदल घेऊन, आणि तेव्हापासून दरवर्षी एक नवी आवृत्ती येते. आम्ही नव्या पद्धतीने लिहितो ते हौस म्हणून नव्हे. नव्या लिखाणात चुका कमी होतात आणि वर्षभराने तुम्ही बदल सांगितलात की तो पटकन करता येतो. ब्राउझर मात्र जिथे थांबला तिथे थांबतो.

समजा आम्ही अशी एक ओळ लिहिली:

ग्राहक?.पत्ता?.पिनकोड

(नावं देवनागरीत दिसली म्हणून दचकू नका, जावास्क्रिप्टला ती चालतात.) प्रश्नचिन्हापुढे टिंब, याचा अर्थ: ग्राहकाची नोंद असेल तर तिच्यातला पत्ता काढ, पत्ता असेल तर त्यातला पिनकोड काढ, मध्येच काही नसेल तर निमूट थांब, गोंधळ घालू नकोस. हे चिन्ह 2020 च्या आवृत्तीत आलं. क्रोमला 80 व्या आवृत्तीपासून आणि सफारीला, म्हणजे आयफोनच्या स्वतःच्या ब्राउझरला, 13.1 पासून ते कळतं. आयफोन 6 मात्र आयओएस 12 वरच (आयओएस म्हणजे आयफोनची कार्यप्रणाली) अडकला आहे, त्यामुळे त्याची सफारी 12 च्या पुढे जाऊच शकत नाही. बरं, त्या फोनवर क्रोम टाकूनही उपयोग नाही. आयफोनवरचं क्रोम आतून अॅपलचंच इंजिन, म्हणजे पान वाचून चालवणारा गाभा, वापरतं, म्हणजे पाटी नवी आणि दुकान तेच.

आता हा आयफोन ती ओळ वाचतो तेव्हा काय होतं? ब्राउझर जावास्क्रिप्टची फाइल चालवण्याआधी तिचं व्याकरण तपासतो. कुठेही न कळणारं चिन्ह आलं की तो अख्खी फाइल बाजूला ठेवतो. दहा हजार ओळींत एक ओळ अशी असली तरी उरलेल्या सगळ्या वाया. पान जावास्क्रिप्टनेच उभं राहत असेल तर समोर येतो तो कोरा पडदा. ना सूचना, ना चूक झाल्याचा निरोप.

दुसरा बिघाड जास्त फसवा. कांदा-बटाटा मार्केटमधल्या कितीतरी गाळ्यांवर विंडोज 7 चा संगणक अजून आहे. त्यावर टॅली चालतं, बिलं निघतात, मग तो कशाला हलवायचा? विंडोज 7 साठी क्रोमची शेवटची आवृत्ती 109, जानेवारी 2023 ची. तशी ती फार जुनी नाही, वरचं प्रश्नचिन्ह-टिंब तिला व्यवस्थित कळतं. पण मूळ यादीला हात न लावता तिची क्रमवार प्रत देणारी ‘टूसॉर्टेड’ नावाची सोय क्रोममध्ये आली 110 पासून. अवघ्या एका आवृत्तीने हुकली! इथे व्याकरण बरोबर असतं, त्यामुळे फाइल वाचली जाते, पान उघडतं, भावांची यादी दिसते. "कमी भाव आधी" हे बटण दाबलं की मात्र काहीच होत नाही. व्यापारी दोनदा दाबतो, माउसला दोष देतो आणि जुन्या पद्धतीने फोनवर भाव विचारतो. अशी तक्रार तुमच्यापर्यंत पोहोचायला महिने लागतात.

यावर आम्ही काय करतो

पहिल्या बिघाडावर इलाज म्हणजे तीच गोष्ट जुन्या व्याकरणात पुन्हा लिहून देणं. हे काम हाताने करायचं नसतं, त्यासाठी बेबल नावाचं साधन आहे. 2014 मध्ये सेबॅस्टियन मकेंझी या ऑस्ट्रेलियन तरुणाने ते ‘सिक्स टू फाइव्ह’ या नावाने सुरू केलं, कारण तेव्हा काम तेवढंच होतं: सहाव्या आवृत्तीतला कोड पाचवीत आणायचा. पुढे दरवर्षी नव्या आवृत्त्या येणार हे दिसल्यावर 2015 मध्ये नाव बदललं. बेबल आमची फाइल वाचतं, वाक्यरचनेचा एक वृक्ष मांडतं, त्यातल्या नव्या फांद्यांच्या जागी जुन्या बसवतं आणि पुन्हा फाइल लिहून काढतं. वरच्या पिनकोडच्या ओळीचं मग असं होतं: ग्राहक रिकामा आहे का ते आधी बघ, नसेल तर पत्ता काढून एका तात्पुरत्या डब्यात ठेव, तो रिकामा आहे का ते बघ, नसेल तर पिनकोड काढ. लांबलचक, दिसायला कुरूप, पण आयफोन 6 ला कळणारं. तुमच्या साइटचा मूळ कोड नवाच राहतो. ही कुरूप प्रत फक्त सर्व्हरवर चढते.

‘टूसॉर्टेड’च्या बाबतीत मात्र बेबलचं हे पुनर्लेखन कामाला येत नाही, कारण तिथे व्याकरण चुकलेलंच नाही, सोयच जागेवर नाही. तिथे ती सोय स्वतः लिहून पानासोबत पाठवावी लागते. अशा भरणीला पॉलिफिल म्हणतात आणि आम्ही त्यासाठी कोअर-जेएस हा संच वापरतो. साइट स्वस्तात करून देणाऱ्यांचा पाय इथे सर्वाधिक घसरतो. व्याकरण उतरवून देणारी साधनं हल्ली तयारच येतात, म्हणून "जुन्या ब्राउझरचं झालं आपलं" असं समजलं जातं, आणि पॉलिफिल घालायचे राहूनच जातात.

पॉलिफिल आम्ही कायम तुमच्याच सर्व्हरवर ठेवतो, बाहेरच्या पत्त्यावरून ओढत नाही. त्याला कारण आहे. पॉलिफिल डॉट आयओ नावाची मोफत सेवा वर्षानुवर्षं जगभरच्या साइटी वापरत होत्या. 2024 च्या सुरुवातीला तिचा डोमेन दुसऱ्या मालकाकडे गेला आणि जूनमध्ये उघड झालं की तिथून येणाऱ्या कोडमधून मोबाइलवरच्या लोकांना परस्पर सट्ट्याच्या साइटींवर पाठवलं जात होतं. एक लाखाहून अधिक साइटींवर तो कोड होता. तुमची साइट दुसऱ्या कुणी केली असेल आणि देखभाल आमच्याकडे आली असेल, तर आम्ही सर्वांत आधी हा पत्ता शोधतो आणि सापडला तर त्याच दिवशी काढतो.

आणखी एक आडवाट. कॅलेंडर, आलेख, फोटोंची पट्टी अशा गोष्टी आम्ही आयत्या लायब्रऱ्यांमधून, म्हणजे इतरांनी लिहून ठेवलेल्या कोडच्या संचांमधून, घेतो. बेबलच्या नेहमीच्या मांडणीत या लायब्रऱ्या वगळलेल्या असतात, कारण त्या आधीच जुन्या व्याकरणात उतरवलेल्या असतील असं गृहीत धरलेलं असतं. पूर्वी ते खरं होतं, आता नाही. आमचा सगळा कोड सोवळ्यात आणि एका आलेखाच्या लायब्ररीमुळे पान कोरं, असं सहज होतं. म्हणून शेवटी तयार झालेली फाइलच आम्ही पुन्हा एकदा जुन्या व्याकरणाच्या कसोटीवर तपासतो.

किती मागे जायचं?

हा प्रश्न तुमचा. त्याचं उत्तर ‘ब्राउझर्सलिस्ट’ नावाच्या एका छोट्या यादीत लिहिलं जातं आणि बेबल तिच्याकडे बघून काय उतरवायचं ते ठरवतं. यादीत "भारतात एक टक्क्याहून जास्त वापरात असलेले सगळे ब्राउझर" असंही लिहिता येतं, किंवा थेट "सफारी 12 पासून पुढे". आम्हाला मात्र देशाच्या सरासरीपेक्षा तुमच्या साइटचे आकडे हवे असतात. क्लासच्या साइटवर येणारी मुलं आणि बाजार समितीतले व्यापारी यांच्या हातातले फोन सारखे नसतात. चालू साइट असेल तर अॅनालिटिक्समधून, म्हणजे साइटवर येणाऱ्यांच्या नोंदींतून, ब्राउझर आणि त्यांच्या आवृत्त्या निघतात, तेवढं बघायला दिलंत की यादी आम्ही करून देतो.

सगळ्यांनाच सामावून घ्या, असं काही जण म्हणतात. ते फुकट होत नाही. जितकं मागे जाऊ तितकी फाइल जाड. थांबून वाट बघणाऱ्या कामांचं, म्हणजे सर्व्हरकडून माहिती येईपर्यंतच्या वाटेचं, आजचं लिखाण दोन ओळींचं असतं. पाचव्या आवृत्तीत त्याचं एक पूर्ण यंत्र होऊन बसतं आणि ते चालवायला वेगळी भरणी लागते. हा भार नव्या फोनवाल्यांनीही उचलायचा, आणि मुंब्र्याच्या बोगद्यात रेंज जात असताना तो जाणवतो. दोन वेगळ्या प्रती ठेवायची युक्ती आहे: नव्या ब्राउझरला सडपातळ, जुन्याला जाड. पण ही वाटणी ज्या खुणेवरून होते ती खूण आयफोन 6 लाही कळते, म्हणजे तो नव्यांच्या रांगेत उभा राहतो आणि तिथे जाऊन अडखळतो. त्यामुळे सडपातळ प्रतही आम्ही सफारी 12 ला झेपेल एवढीच ठेवतो.

आमचं स्वतःचं मत विचाराल तर: सफारी 12 आणि क्रोम 109 सांभाळाच. विंडोज एक्सपीवरचं क्रोम 49 पर्यंतच आहे, त्याच्यासाठी फक्त खरोखर गरज असेल तरच खर्च करा. इंटरनेट एक्स्प्लोरर 11 चा आधार मायक्रोसॉफ्टनेच जून 2022 मध्ये काढून घेतला, त्याला आता विसरायला हरकत नाही. जिओफोनचा ब्राउझर फायरफॉक्स 48 च्या इंजिनावर, म्हणजे 2016 च्या घरातला, आणि पडदा बोटभर. त्यासाठी ही साइट वाकवण्यापेक्षा वेगळं साधं पान करणं बरं. सोसायटीच्या लॉबीत नोटिसा दाखवणारा टीव्ही असेल तर तो आधी सांगा. 2018 च्या सॅमसंग टीव्हीत क्रोमियम 56 (क्रोम ज्यावर बांधलंय ते इंजिन) असतं आणि टीव्हीतलं इंजिन फोनसारखं आपोआप नवं होत नाही.

जे बेबलच्या हातात नाही

आयफोनवर साइटच्या सूचना आयओएस 16.4 पासूनच येतात, त्याही साइट होम स्क्रीनवर जोडलेली असेल तर. त्याच्या आधीच्या आयफोनवर त्या कुठल्याच कोडने येणार नाहीत. मांडणीचा प्रश्नही वेगळा असतो. खोक्यांमधल्या मोकळ्या जागेची एक सोय सफारीत 14.1 ला आली, त्याआधी बटणं एकमेकांना चिकटतात. ते स्टाइलशीटमध्ये, म्हणजे पानाचं रूप ठरवणाऱ्या फाइलमध्ये, सुधारावं लागतं. आणि पान कोरं न येता "कनेक्शन सुरक्षित नाही" असं येत असेल तर तो सर्टिफिकेटचा, म्हणजे साइट खरी असल्याच्या प्रमाणपत्राचा, मामला. अँड्रॉइड 7.1.1 च्या आधीच्या फोनांच्या मूळ यादीत लेट्स एन्क्रिप्ट या मोफत प्रमाणपत्रं देणाऱ्या संस्थेचं मूळ प्रमाणपत्र नाही. अशा फोनवर फायरफॉक्स टाकून बघायला सांगा, तो स्वतःची यादी घेऊन येतो.

तक्रार कळवताना

फक्त "चालत नाही" एवढ्यावर आम्हाला काही शोधता येत नाही. फोनचं मॉडेल, ब्राउझरचं नाव आणि आवृत्ती (क्रोममध्ये सेटिंग्ज उघडून अगदी खाली ‘क्रोमविषयी’ बघा), आणि पडद्याचा फोटो पाठवा. पान पूर्ण कोरं आहे की पान दिसतंय पण बटण दाबल्यावर काही होत नाही, हे जरूर लिहा. वर सांगितलेल्या दोन बिघाडांपैकी कुठला, ते त्यावरून लगेच कळतं. संगणकावरच्या क्रोममध्ये पडदा फोनएवढा करून बघता येतो, काही जण तसं बघून "मोबाइलवर चालतंय" म्हणून कळवतात. त्यात फक्त पडदा लहान होतो, इंजिन संगणकाचंच राहतं. आम्ही चाचणी खऱ्या जुन्या फोनांवर करतो.

ठरलेल्या यादीतल्या ब्राउझरवर साइट बिघडली तर दुरुस्ती वार्षिक देखभालीत येते, वेगळे पैसे नाहीत. यादीबाहेरचा ब्राउझर नंतर जोडायचा झाला तर त्याचं वेगळं कोटेशन देतो, कारण मग सगळी पानं पुन्हा तपासावी लागतात. गिऱ्हाइकाचा फोन चाचणीसाठी आमच्याकडे घेऊन येणार असाल तर आधी कळवा, सिमकार्ड काढून आणा, आणि चार्जर विसरू नका. जुन्या फोनची बॅटरी आमची तपासणी पुरी होईपर्यंत टिकत नाही.