ग्रीक देवांची उपासना शिकायचीय, पण विश्वास कशावर ठेवायचा? थोडी पार्श्वभूमी

ग्रीसचे जुने देव, म्हणजे झ्यूस, अथीना, अपोलो, हेस्टिया वगैरे, यांना मनापासून पुजणारी माणसं आजही आहेत. ग्रीसमध्ये आहेत, अमेरिकेत आहेत, इतरत्रही आहेत, आणि नव्याने येणारा जवळजवळ प्रत्येकजण आधी हेच विचारतो की वाचू काय आणि कुणाचं खरं मानू. मग त्याला पुस्तकांची यादी मिळते, पण यादी हातात येऊनही गोंधळ राहतोच, कारण मध्ये दीड हजार वर्षांचा खंड पडलाय आणि तो कसा पडला ते माहीत नसेल तर कुठलं पुस्तक कशासाठी उघडायचं हेच कळत नाही.

मुळात या धर्माला एकच एक ग्रंथ कधी नव्हता. होमर आणि हेसिअड यांची प्राचीन काव्यं सगळ्यांच्या तोंडी, पण ते कवी. हेसिअड मध्येच सांगून जातो की हात न धुता पहाटे झ्यूसला वाइन अर्पण करू नका, पण असे तुकडेच हाती लागतात. प्रत्येक शहराचं कॅलेंडर वेगळं, सण वेगळे, अथेन्सच्या आसपासच्या गावांचेही आपापले. पोरं घरच्यांचं बघून शिकायची, त्यामुळे विधी लिहून ठेवायची फारशी गरजच पडली नाही. लिहिलं ते बरंचसं हिशेबासाठी, दगडावर. अथेन्सजवळच्या एर्खिया गावाचा इसवी सनापूर्वीच्या चौथ्या शतकातला शिलालेख सापडलाय, त्यात पाच रकान्यांत कुठल्या दिवशी, कुठल्या देवाला, कुठल्या जागी, कुठला प्राणी द्यायचा आणि त्याची किंमत किती द्राख्मा (तिथलं नाणं) हे सगळं आहे, शिवाय काही नोंदींपुढे मांस तिथेच संपवायचं, बाहेर न्यायचं नाही अशी सूचना पण आहे! मला असे शिलालेख कुठल्याही पुराणकथेपेक्षा मोलाचे वाटतात, कारण गावाने खरोखर काय करायचं ठरवलं होतं ते त्यातून दिसतं. प्रार्थनेचे शब्द मात्र त्यात नाहीत, ते लोकांना येतच होते.

मग इसवी सन ३९१-३९२ मध्ये सम्राट थिओडोसिअसने बळी आणि मंदिरातली पूजा यांवर बंदी आणली, ५२९ मध्ये जस्टिनिअनच्या काळात अथेन्समधलं तत्त्वज्ञानाचं शिक्षण बंद पडलं. एका दिवसात काहीच संपलं नाही, पण घराघरांतून चालत आलेली परंपरा हळूहळू तुटली. पुढे काय टिकलं, तर बायझंटाईन जगात (पूर्वेच्या ख्रिस्ती रोमन साम्राज्यात) ज्याच्या नकला होत राहिल्या ते, म्हणजे शाळेत शिकवायचं काव्य, नाटकं, तत्त्वज्ञान. धान्याची देवी डिमीटर, तिचं होमरच्या नावावर असलेलं मोठं स्तोत्र तर एकाच हस्तलिखितामुळे वाचलं, ते १७७७ मध्ये मॉस्कोत सापडलं आणि आता लायडनला आहे. अथेन्सजवळच्या एल्युसिसमध्ये डिमीटरसाठी होणाऱ्या गुप्त विधींबद्दल जे कळतं त्यातलं बरंच क्लेमेंटसारख्या ख्रिस्ती लेखकांकडून येतं, आणि ते लिहीत होते या धर्माच्या विरोधात, हे वाचताना सतत लक्षात ठेवावं लागतं.

मधल्या काळात काही जणांनी हा धागा पुन्हा पकडायचा प्रयत्न केला. पंधराव्या शतकात ग्रीसमधल्या मिस्त्रासच्या प्लेथॉन या तत्त्वज्ञाने जुन्या देवांभोवती नवीन व्यवस्था लिहिली, स्तोत्रं, कॅलेंडर सगळं, आणि त्याच्या मृत्यूनंतर पॅट्रिआर्क (ख्रिस्ती धर्मप्रमुख) गेनाडिओसने ते पुस्तक जाळलं, थोडे भाग उरले. अठराव्या शतकाच्या शेवटी थॉमस टेलरने ऑर्फिक स्तोत्रं (ऑर्फिअस या पौराणिक कवीच्या नावावरची) इंग्रजीत आणली. ८७ छोटी स्तोत्रं, बहुतेकांवर कुठला धूप जाळायचा ते लिहिलेलं, म्हणून उपासकांना ती फार जवळची वाटतात. फक्त टेलरने यमक जुळवायला बरंच स्वातंत्र्य घेतलंय, त्यामुळे सोबत नवीन भाषांतर ठेवलेलं बरं.

खरा गोंधळ विसाव्या शतकात वाढला. एकीकडे उत्तम संशोधन आलं: जॉन मायकलसनने १९७५ मध्ये अथेन्सच्या कॅलेंडरचा दिवसवार पुरावा मांडला, वॉल्टर बर्कर्टचं ग्रीक धर्मावरचं जर्मन पुस्तक १९७७ मध्ये आलं आणि १९८५ मध्ये इंग्रजीत, रॉबर्ट पार्करने विटाळ आणि शुद्धीवर १९८३ मध्ये लिहिलं. दुसरीकडे विक्का हा विसाव्या शतकातला नवा धर्म आणि इंग्रज कवी रॉबर्ट ग्रेव्ह्ज यांच्या कल्पना लोकप्रिय झाल्या आणि त्या नकळत ग्रीक म्हणून खपायला लागल्या. हेकाटी या देवीचंच बघा. कुमारी, माता, म्हातारी असं तिचं रूप सगळीकडे दिसतं, ते ग्रेव्ह्जने १९४८ मध्ये मांडलेल्या कल्पनेतून आलंय. तिच्या तिहेरी रूपाच्या प्राचीन मूर्तींमध्ये साधारणपणे एकाच वयाच्या तीन तरुणी दिसतात. कुणाला आजचं रूप भावत असेल तर त्यात वाईट काहीच नाही, पण ते जुनं आहे म्हणून सांगणं चुकीचं आहे, आणि मला वाटतं भरवशाच्या लेखनाची खूण हीच, की जुना पुरावा कुठला, अभ्यासकाचा अंदाज कुठला आणि आजच्या लोकांनी ठरवलेलं कुठलं ते स्पष्ट सांगतं.

ग्रीसमध्ये वायएसईई ही उपासकांची संघटना १९९७ मध्ये उभी राहिली, अमेरिकेत हेलेनिऑन ही २००१ मध्ये. २००७ च्या जानेवारीत एलिनाइस या गटाने अथेन्सच्या ऑलिंपिअन झ्यूसच्या मंदिरात जाहीर पूजा केली. २०१७ मध्ये या उपासनेला ग्रीक सरकारकडून धर्म म्हणून मान्यताही मिळाली. आता घरबसल्या बरंच मिळतं: पर्सिअस या वेबसाइटवर मूळ ग्रीक आणि भाषांतरं, थिओई या वेबसाइटवर देवांबद्दलचे उतारे संदर्भासकट (भाषांतरं जुनी, विधींपेक्षा कथा जास्त), आणि लिएज विद्यापीठाचा ग्रीक विधिनियमांच्या शिलालेखांचा संग्रह, जो फुकट आहे आणि तरी नवख्यांना कुणी सुचवत नाही याचं मला वाईट वाटतं.

अपोलोचं मंदिर असलेल्या डेल्फीची १४७ वचनं आज अनेकजण आचारधर्म म्हणून पाळतात. ती यादी पाचव्या शतकातल्या स्टोबिअसच्या संग्रहातून येते, म्हणजे बरीच उशिरा, पण तिच्यातला थोडा भाग अफगाणिस्तानातल्या ऐ-खानूमच्या दगडावर सापडला, इसवी सनापूर्वीच्या तिसऱ्या शतकातला, आणि क्लिआर्कस नावाच्या माणसाने ती वचनं डेल्फीहून काळजीपूर्वक उतरवून आणली असं त्यावर कोरलंय. म्हणजे उशिराचा सोर्स आहे एवढ्यावरून टाकून देता येत नाही.

घरच्या पूजेसाठी काय उरतं? महिना चंद्राचा, आपल्या अमावास्येला संपणाऱ्या महिन्यासारखाच, शेवटी हेकाटीसाठी चौकात ठेवायचं जेवण, मग नव्या चंद्राचा दिवस, मग घरच्या शुभ दैवताचा, याला चांगला पुरावा आहे. कोठारात झ्यूस क्टेसिओसचा (घरच्या मालमत्तेचं रक्षण करणाऱ्या झ्यूसचा) पांढरी लोकर बांधलेला घट ठेवतात, आत पाणी, ऑलिव्ह तेल आणि सगळ्या प्रकारची फळं; ती कृती अथेनिअस या प्राचीन लेखकाने दिलेल्या एका छोट्या उताऱ्यावर उभी आहे आणि तो मजकूरही मध्ये खराब झालाय, त्यामुळे लोकर नेमकी कशी गुंडाळायची हे प्रत्येक गट आपापलं ठरवतो, आणि चांगली मार्गदर्शिका ते तसंच लिहिते.