फोर्कलिफ्टची चेक इंजिनची लाइट लागली? बॅटरीचं टर्मिनल काढण्याआधी हे वाचा

सातपूर, अंबड, सिन्नरच्या कारखान्यांतून आणि पिंपळगाव-दिंडोरीकडच्या पॅकहाउसमधून आम्हा फोर्कलिफ्ट दुरुस्त करणाऱ्यांना येणारा फोन बहुतेक वेळा असा असतो : "लाइट लागली होती, टर्मिनल काढून लावलं, गेली. आता परत लागलीय आणि गाडी उभीच आहे." हे पत्रक त्यातल्या 'टर्मिनल काढून लावलं' एवढ्यासाठी आहे.

टर्मिनल काढलं की बऱ्याच फोर्कलिफ्टच्या ईसीएममधला (इंजिन सांभाळणाऱ्या कॉम्प्युटरमधला) बिघाडाचा कोड पुसला जातो. त्याबरोबर कोड पडला तेव्हा इंजिन किती तापलं होतं, किती आरपीएमवर होतं, लोड किती होता, ही नोंदही जाते. चालता चालता ईसीएमने जुळवून घेतलेलं गॅस-हवेचं प्रमाणही पुन्हा पहिल्यापासून शिकावं लागतं, त्यामुळे आयडलिंग वरखाली होतं आणि नवीनच बिघाड आल्यासारखं वाटतं. मूळ दोष जागच्या जागी असतो. आमचा माणूस येतो तेव्हा स्कॅनर कोरा, आणि गाडी तापून पुन्हा बंद पडेपर्यंत सगळे तिच्याभोवती उभे. बिलात सगळ्यात महाग पडतो तो हाच वेळ.

म्हणून आधी चावी ऑन करा, सेल्फ मारू नका आणि डिस्प्लेचा फोटो काढा. कोड 'पी'ने सुरू होत असेल तर पूर्ण आकडा हवा. एसपीएन-एफएमआय (बिघाड कुठे आणि कसला) अशी जोडी असेल तर दोन्ही आकडे हवेत, कारण एफएमआय ३ म्हणजे व्होल्टेज जास्त आणि ४ म्हणजे कमी, आणि दोन्हींचा तपास वेगळा. डिस्प्ले नसेल तर लुकलुकणाऱ्या लाइटचा व्हिडिओ चालेल. सोबत तासमीटरचा आकडा, आणि गाडी थंड असताना बंद पडली की गरम, एवढं कळवा.

कोड म्हणजे खराब पार्टचं नाव नव्हे. पी ०३३५चा अर्थ एवढाच, की क्रँक सेन्सरचा (क्रँकशाफ्टचं फिरणं टिपणाऱ्या सेन्सरचा) सिग्नल ईसीएमपर्यंत पोचला नाही. सेन्सर गेलेला असू शकतो. पण टोकाला चिकटलेला लोखंडाचा चुरा, सैल कपलर (वायरचा जोड) किंवा इंजिनला घासून सोललेली वायरही हाच कोड देते. गाडी तापली की बंद आणि थंड झाली की चालू, असं होत असेल तर मात्र सेन्सरवरच संशय धरा. दोन वायरचा मॅग्नेटिक सेन्सर मीटरवर ओहममध्ये तपासता येतो; तीन वायरच्या हॉल सेन्सरला ओहम लावू नका.

कूलंट टेंपरेचर सेन्सरची परीक्षा सोपी आहे. पी ०११७ (व्होल्टेज कमी) असेल तर कपलर काढा. कोड बदलून पी ०११८ (व्होल्टेज जास्त) झाला तर वायरिंग आणि ईसीएम ठीक, सेन्सर आतून शॉर्ट. आधीपासूनच ०११८ असेल तर काढलेल्या कपलरच्या दोन पिना वायरने जोडा. ०११७ आला तर सेन्सर बदला, नाही आला तर वायर शोधा. हा प्रयोग फक्त दोन वायरच्या कूलंट सेन्सरवर. तीन वायरच्या कपलरमध्ये वायर खुपसली तर ५ व्होल्टची सामाईक लाइन शॉर्ट होऊन एकदम तीन-चार कोड पडतात, आणि मग सगळे सेन्सर बदलायची यादी तयार होते!

सेल्फ फिरतो पण स्पार्क नाही, म्हणून लगेच कॉइल मागवू नका. स्पार्क आणि गॅस दोन्ही बंद असतील तर आधी फ्यूज, इग्निशनचा सप्लाय आणि क्रँक सेन्सर पाहा, कारण क्रँकचा सिग्नल नसेल तर ईसीएम दोन्ही रोखून धरतो. स्पार्क टेस्टरनेच तपासा. प्लगची वायर हवेत धरून ठिणगी बघू नका. कॉइल जाते, आणि शेजारी गॅस असतो.

पेट्रोलवर नीट चालते, गॅसवर लोड घेताना मिसिंग करते, अशा गाडीचे लोक आधी गॅस किट उघडतात. गॅस पेटवायला पेट्रोलपेक्षा जास्त व्होल्टेजची ठिणगी लागते. झिजलेला प्लग, वाढलेला गॅप किंवा जुनी प्लग-वायर पेट्रोलवर निभावून जाते, गॅसवर उघडी पडते. आधी प्लग. मगच रेग्युलेटर, आणि त्यावर बर्फ धरत असेल तर रेडिएटरमधलं पाणी पाहा, रेग्युलेटर त्यावरच गरम राहतो. निफाडच्या थंडीत सकाळी विचित्र कोड पडत असतील तर सेल्फ मारताना बॅटरी ९.६ व्होल्टच्या खाली जाते का, ते मोजा.

द्राक्षाच्या हंगामाआधी गाडी प्रेशरने धुता, तेव्हा कॉइल आणि कपलरवर थेट फवारा नको. कांद्याची फोलपटं रेडिएटरमधून हवेने काढा.

जुन्या मेकॅनिकल पंपाच्या डिझेल गाड्यांना यातलं काही लागू नाही. तिथे आधी शट-ऑफ सोलेनॉइड (डिझेल चालू-बंद करणारा) तपासा.

"फक्त कपलर साफ केला, त्याचे पैसे कसले?" असं आम्हाला विचारलं जातं. पैसे तो कपलर शोधण्याचे असतात, आणि न लागलेला सेन्सर आम्ही बिलात लावत नाही. काढलेला जुना पार्ट तुमच्याच हातात देतो. कोडचा फोटो आधी मिळाला तर लागणारा पार्ट गाडीत घालूनच निघतो, म्हणजे दुसऱ्या फेरीचा खर्च वाचतो. वार्षिक करारात प्लग, प्लग-वायर, कपलर आणि बॅटरीची तपासणी प्रत्येक सर्व्हिसला होते.