ट्रॅव्हल बग आणि जिओकॉइन: एक वाटेला लावायचा, दुसरं जपायचं

डबा उघडला की आधी लॉगबुक हाती लागतं. मग बोथट पेन्सिल, दोनचार गोट्या, एखादा स्टिकर. आणि नशीब चांगलं असेल तर तळाशी धातूचं काहीतरी खुळखुळतं. कधी ते एखादं छोटं खेळणं असतं, त्याला मण्यांची साखळी आणि साखळीत सैनिकांच्या गळ्यात असते तशी चपटी पट्टी. कधी ते तळहातावर वजन जाणवणारं, रंग भरलेलं नाणं असतं. दोन्हींवर अक्षरं आणि आकडे मिळून एक छोटा कोड कोरलेला. जिओकॅशिंगमध्ये नव्याने आलेली माणसं दोन्हींना सर्रास ‘ट्रॅव्हल बग’ म्हणतात, आणि ते समजण्यासारखं आहे, कारण दोन्ही ‘ट्रॅकेबल’, म्हणजे कोडवरून माग ठेवता येणाऱ्या वस्तूंच्या, एकाच कुळातले आणि खेळाच्या वेबसाइटवर दोन्हींची नोंद एकाच पद्धतीने होते. पण कोणाला भेट द्यायची वेळ आली, किंवा लांबच्या प्रवासाला निघताना बॅगेत काय टाकायचं हा प्रश्न पडला, की फरक माहीत असावाच लागतो. तो माहीत नसल्यामुळे गायब झालेली नाणी आणि हिरमुसलेले मालक मी पुरेसे पाहिले आहेत.

ज्यांना हा खेळ नुसता ऐकून माहीत आहे त्यांच्यासाठी थोडक्यात: कोणीतरी एक डबा लपवतो, त्याचे अक्षांश-रेखांश वेबसाइटवर टाकतो, बाकीचे जीपीएसच्या मदतीने तो शोधतात, आतल्या वहीत नाव आणि तारीख लिहितात आणि डबा होता तिथेच परत ठेवतात. या डब्याला ‘कॅश’ म्हणतात. पैशाच्या कॅशशी त्याचा संबंध नाही. लपवलेला साठा असा त्याचा अर्थ आहे. २ मे २००० रोजी अमेरिकेने जीपीएसच्या नागरी सिग्नलमध्ये मुद्दाम मिसळलेली चूक बंद केली. तोवर सामान्य माणसाच्या उपकरणात १०० मीटरपर्यंतचा फरक पडू शकत होता आणि तेवढ्या परिघात लपवलेला डबा शोधणं जवळपास अशक्यच. दुसऱ्याच दिवशी, ३ मेला, डेव्ह उल्मर यांनी ऑरेगन राज्यात बीव्हरक्रीकजवळ एक बादली अर्धवट पुरून ठेवली आणि तिची जागा इंटरनेटवर जाहीर केली. बादलीत पुस्तकं होती, सॉफ्टवेअर होतं, गलोल होती, थोडे पैसे होते आणि बीन्सचा एक बंद डबा होता.

हा बीन्सचा डबा मला फार महत्त्वाचा वाटतो. पुढे तो पुन्हा हाती लागला, त्याला ट्रॅव्हल बगची पट्टी जोडली गेली आणि कॅशरांच्या मेळाव्यांत लोक तो आवर्जून बघू लागले. ट्रॅव्हल बग म्हणजे काय हे यापेक्षा चांगलं समजावता येणार नाही. वस्तू कुठलीही असो, डबा, बाहुली, किल्ली, लाकडी हत्ती, तिला पट्टी लागली की ती प्रवासी झाली. पट्टीला स्वतःला फारशी किंमत नाही. ती त्या वस्तूचं तिकीट आहे.

ही पट्टी जोडीने मिळते. दोन्हींवर तोच कोड. एक वस्तूला साखळीने बांधून पाठवायची आणि दुसरी आपल्याकडे ठेवायची. घरी ठेवलेल्या पट्टीचा उपयोग पुष्कळांना ठाऊक नसतो. वस्तू हरवली, वर्ष-दोन वर्षं कुठेच नोंद दिसली नाही, की दुसरी पट्टी नव्या वस्तूला लावून तोच प्रवास पुढे चालू करता येतो. मागचे किलोमीटर आणि नोंदी जशाच्या तशा राहतात. म्हणजे हरवण्याची सोय ट्रॅव्हल बगमध्ये मुळातच करून ठेवली आहे.

जिओकॉइनचा जन्म वेगळ्या गरजेतून झाला. २००१ मध्ये ‘माउंटनबाइक’ या टोपणनावाने खेळणाऱ्या एका अमेरिकन कॅशरने स्वतःची ओळख म्हणून डब्यात ठेवायला नाणी पाडून घेतली आणि प्रत्येकावर क्रमांक घातला. एखादा चित्रकार कोपऱ्यात सही करतो तसं. म्हणजे नाणं मुळात ‘मी इथे येऊन गेलो’ हे सांगायला आलं. त्याच्या अंगावरच नक्षी आहे, त्याला दुसरी वस्तू जोडावी लागत नाही, ते स्वतःच वस्तू आहे. आज मेळाव्यांसाठी, एखाद्याच्या हजाराव्या शोधासाठी, लग्नाच्या वाढदिवसासाठीसुद्धा नाणी पाडली जातात. काही मोजकीच निघतात, म्हणून संग्राहक त्यांच्या मागे असतात. आणि याच गुणामुळे प्रवासाला ती कच्ची पडतात.

कोडच्या बाबतीत मात्र दोघांमध्ये भेद नाही, आणि इथेच लोक सगळ्यात जास्त गोंधळतात. प्रत्येक ट्रॅकेबलला दोन ओळखी असतात. एक सगळ्यांना दिसणारी, ‘टीबी’ या अक्षरांनी सुरू होणारी. ती वेबसाइटवरच्या त्याच्या पानाची. दुसरी धातूवर कोरलेली, ती गुप्त. वस्तू तुमच्या डोळ्यांसमोर आली होती याचा पुरावा म्हणजे हा कोरलेला कोड. म्हणून फोटो टाकताना त्यावर बोट ठेवायचं. एकदा तो उघड झाला की कधीच न पाहिलेली माणसं ‘पाहिलं’ अशी नोंद करत सुटतात आणि मालकाचा त्या पानातला रस संपतो.

नोंदींचे प्रकारही लक्षात ठेवण्यासारखे आहेत. वस्तू डब्यातून उचलली तर ‘रिट्रीव्ह’, दुसऱ्या डब्यात ठेवली तर ‘ड्रॉप’, नुसती पाहिली आणि तिथेच राहू दिली तर ‘डिस्कव्हर’. तुमच्याजवळच आहे पण वाटेतल्या एखाद्या डब्यापर्यंत तिला सोबत नेलं तर ‘व्हिजिट’. या शेवटच्या नोंदीमुळे किलोमीटर वाढत राहतात, म्हणून कित्येक जण स्वतःचं एक नाणं कायम खिशात ठेवून प्रत्येक शोधाला ‘व्हिजिट’ टाकतात. त्या नाण्याचं पान म्हणजे त्या माणसाच्या भटकंतीची रोजनिशीच होते. जिओकॉइनचा मला सगळ्यात आवडणारा उपयोग हाच आहे.

कोड हाच खरा जीव आहे हे पटवायला मंगळाचं उदाहरण पुरेसं आहे. १८ फेब्रुवारी २०२१ रोजी मंगळावर उतरलेल्या नासाच्या पर्सिव्हिअरन्स रोव्हरवर शेरलॉक नावाचं एक उपकरण आहे. त्याची मोजमापं बरोबर येतात का हे तपासण्यासाठी रोव्हरवर जे नमुने बसवले आहेत त्यांत अंतराळवीराच्या शिरस्त्राणाच्या काचेसाठी वापरतात त्या पॉलिकार्बोनेटचा एक तुकडा आहे, आणि त्यावर ट्रॅकेबलचा कोड आहे. साखळी नाही, पट्टी नाही, नाणंही नाही. पृथ्वीवरची माणसं रोव्हरने पाठवलेल्या छायाचित्रात कोड वाचतात आणि ‘डिस्कव्हर’ नोंदवतात. त्याआधी २००८ मध्ये अंतराळ पर्यटक रिचर्ड गॅरियट यांनी आंतरराष्ट्रीय अंतराळ स्थानकावर एक ट्रॅव्हल बग नेला होता.

आता भेटीकडे वळू, कारण खरी चूक तिथे होते.

दुकानातून आलेलं ट्रॅकेबल झोपलेलं असतं. कोरलेला कोड आणि वेगळा ॲक्टिव्हेशन कोड असे दोन्ही वापरून ते कोणाच्या तरी खात्यावर जागं करावं लागतं. ॲक्टिव्हेशन कोड कधी पाकिटात येतो, कधी वेबसाइटवरून काढावा लागतो. ज्याच्या खात्यावर ते जागं होतं तो त्याचा मालक: नाव ठेवणं, मोहीम (म्हणजे त्याने कुठे जावं, काय करावं) लिहिणं, प्रत्येक नोंदीची सूचना मिळणं, सगळं त्याच्याकडे. मी एका मैत्रिणीला पहिलं नाणं दिलं तेव्हा हौसेने आधीच ॲक्टिव्हेट केलं, नावही मीच ठेवलं, वाटलं तयार भेट हातात पडेल. तिने पाकीट उघडून कोड टाकला आणि स्क्रीनवर मालक म्हणून माझं नाव आलं. मालकी नंतर तिच्या खात्यावर करून दिली, ती सोय वेबसाइटवर आहे, पण नाव ठेवण्याचा पहिला क्षण तिच्या वाट्याला आला नाही. तेव्हापासून मी पाकीट बंदच देतो. बंद पाकिटातच भेटीची अर्धी गंमत आहे.

नाणं भेट द्यायचं असेल तर विकत घेताना ते खरोखर ट्रॅकेबल आहे ना, हे विचारून घ्या. दिसायला जिओकॅशिंगचं असलेलं प्रत्येक नाणं ट्रॅकेबल नसतं. काहींवर कोडच नसतो. तसं नाणं शोभेचं म्हणून ठीक, पण घेणाऱ्याला तो कोड शोधत बसायला लावू नका. आणि ज्याला द्यायचं तो अजून खेळतच नसेल तरी हरकत नाही. नोंदी करायला वेबसाइटचं साधं, फुकट खातं पुरतं.

कोणाला काय द्यावं, यावर माझं मत आता पक्कं झालंय. लहान मुलाला, शाळेच्या वर्गाला किंवा दूर राहायला गेलेल्या मित्राला ट्रॅव्हल बग द्यावा. मूल स्वतःचं एक छोटं खेळणं निवडतं, पट्टी बांधतं, ‘याला समुद्र दाखवा’ अशी मोहीम लिहितं, आणि मग अनोळखी माणसं खरोखरच समुद्रकिनाऱ्यावरचे फोटो टाकतात. जगाच्या नकाशावर आपलं खेळणं सरकताना पाहण्यातला आनंद नाण्यात नाही. उलट, जो वर्षानुवर्षं खेळतोय, ज्याचा शंभरावा किंवा हजारावा शोध झालाय, त्याला नाणं द्यावं. ते त्याच्याकडे राहावं, हातात घेऊन पाहिलं जावं, हेच त्याचं काम.

नाणं डब्यात सोडायचंच असेल तर ते परत येणार नाही असं धरून सोडा. सुंदर नाणं डब्यात बघून काही जण ते खिशात घालतात आणि नोंद करत नाहीत. काही जणांना नियमच माहीत नसतो. त्यांना वाटतं, डब्यातली वस्तू घेतली आणि बदल्यात दुसरी ठेवली की झालं. देवाणघेवाणीचा तो नियम गोट्या आणि स्टिकरसारख्या किरकोळ वस्तूंना लागू आहे. ट्रॅकेबल घेताना बदल्यात काही ठेवावं लागत नाही, पण ते आपलंही होत नाही. ते पुढे न्यायचं असतं. जाणते कॅशर म्हणून नाणं घरी ठेवतात आणि त्याच्या फोटोची प्लॅस्टिकबंद प्रत, त्यावर कोड लिहून, डब्यात सोडतात. ती प्रत चोरावीशी कोणालाच वाटत नाही.

प्रवाशाला स्वतःचं काही विकत न घेताही यात पडता येतं. निघण्याआधी जवळच्या एखाद्या मोठ्या डब्यातून दुसऱ्याचा ट्रॅव्हल बग उचला, पण आधी त्याची मोहीम वाचा. ज्याला उत्तरेकडे जायचंय त्याला दक्षिणेला नेणं म्हणजे मालकाची वर्षभराची वाट मोडणं. नेऊन ठेवायचा डबाही आधीच पाहून ठेवा. जिओकॅशिंगमध्ये १०० मिलीलीटरपेक्षा लहान डब्याला मायक्रो म्हणतात, त्यापुढे १ लीटरपर्यंत स्मॉल, १ ते २० लीटर रेग्युलर. मायक्रोमध्ये खेळणं बांधलेला बग मावत नाही. नाणं मात्र चपटं असल्याने स्मॉलमध्ये सहज बसतं. विमानतळांजवळ काही ठिकाणी ‘ट्रॅव्हल बग हॉटेल’ म्हणून मोठे डबे मुद्दाम ठेवलेले असतात, थोडा वेळ हाताशी असलेल्या प्रवाशाला ते सोयीचे. दोन आठवड्यांच्या आत पुढे ठेवणं हा सर्वसाधारण शिष्टाचार आहे. त्याहून उशीर होणार असेल तर मालकाला दोन ओळी लिहा. तेवढ्यावर तो निश्चिंत होतो.

सीमा ओलांडायची असेल तर बगला बांधायची वस्तूही विचाराने निवडा. बिया, माती, कच्चं लाकूड, शिंपले अशा गोष्टी अनेक देशांच्या विमानतळावर अडवल्या जातात. बॅटरी असलेलं खेळणं बंद डब्यात महिनोन्‌महिने पडून गळतं. कापडी बाहुली ओलावा धरते आणि बाकीच्या वस्तूंनाही बुरशी लावते. घट्ट रबराचं किंवा धातूचं, मुठीत मावेल एवढं काहीही उत्तम. मोहिमेची चिठ्ठी लॅमिनेट करून साखळीतच ओवावी आणि तिच्या मागच्या बाजूला कोड पुन्हा लिहावा, म्हणजे वाटेत कुठे पट्टी तुटून पडली तरी ज्याच्या हाती खेळणं लागेल त्याला कळेल की हे कोणाचं तरी आहे आणि याला अजून पुढे जायचंय.