कागदाच्या कोपऱ्यातले शिक्के

जुलै २०२१ मध्ये लंडनच्या एका लिलावात इवलंसं चित्र विकलं गेलं. सात सेंटिमीटर लांब, सात सेंटिमीटर रुंद. तळहातावर सहज मावेल एवढं. फिकट गुलाबी लेप दिलेल्या कागदावर चांदीच्या टोकाने काढलेलं अस्वलाचं डोकं. काढणारा लिओनार्दो दा विंची आणि किंमत लिलावगृहाच्या शुल्कासह ८८ लाख पौंडांच्या वर. हेच अस्वल १८६० साली लंडनमध्येच अडीच पौंडांना गेलं होतं.

किमतीतली ही झेप सगळेच सांगतात. मला मात्र त्या कागदावर उमटवलेली 'टीएल' ही दोन अक्षरं जास्त बोलकी वाटतात. ती लिओनार्दोची नाहीत. थॉमस लॉरेन्स या इंग्रज चित्रकाराच्या संग्रहाची ती खूण आहे. रेखाटनांच्या बाजाराचा इतिहास अशा परक्या खुणांवरून जितका कळतो तितका चित्रकाराच्या सहीवरून कळत नाही, कारण सही या गोष्टीत फार उशिरा आली.

पंधराव्या शतकातल्या युरोपीय चित्रशाळेत रेखाटन म्हणजे अवजार होतं. गुरूने काढलेले हात, घोडे, कपड्यांच्या चुण्या शिष्यांनी गिरवायच्या आणि मोठ्या चित्रात बसवायच्या. आराखडा भिंतीवर उतरवायचा तर कागदावरच्या रेषांना सुईने भोकं पाडत आणि त्यांतून कोळशाची पूड भिंतीवर झटकत. काम संपेपर्यंत त्या कागदाची पार दशा झालेली असे. कागद स्वस्त नव्हता, म्हणून पाठपोट वापरला जाई. गुरू गेला की ही चळत चित्रशाळेच्या बाकी सामानाबरोबर शिष्याकडे जायची. तिच्यावर सही करायचं कोणाच्या मनातही येत नसे. स्वतःच्या हातोडीवर सुतार कशाला सही करेल?

मायकेलअँजेलोने १५६४ मध्ये मरण्यापूर्वी स्वतःची पुष्कळ रेखाटनं जाळली. चित्रकार आणि चरित्रकार जॉर्जो व्हसारीने त्याचं कारण लिहून ठेवलं आहे: आपल्याला किती कष्ट पडले, किती चाचपडावं लागलं ते लोकांना दिसू नये, जे दिसेल ते परिपूर्णच दिसावं. आजचा संग्राहक पैसे मोजतो ते नेमकं हे चाचपडणं पाहायला. खोडलेली रेघ, दोनदा काढलेला अंगठा, कोपऱ्यात अर्धवट सोडलेलं तोंड.

हा बदल सुरू करणाऱ्यांत व्हसारी स्वतःच होता. चित्रकारांची चरित्रं लिहिता लिहिता तो त्यांची रेखाटनं जमवू लागला. मोठ्या वह्यांमध्ये ती चिकटवायची आणि प्रत्येकाभोवती खांब-कमानींची चौकट स्वतःच्या हाताने काढायची, असा त्याचा परिपाठ. त्याने दिलेली काही नावं पुढे चुकीची ठरली, वह्याही फुटल्या, पानं जगभर पांगली. पण एक कागद दुसऱ्याशेजारी लावून 'हा हात याचा, तो त्याचा' असं ओळखायचं वळण तिथे पडलं.

'हात' हा शब्द इथे महत्त्वाचा आहे. १५१५ साली इटालियन चित्रकार राफाएलने नग्न पुरुषांचा अभ्यास असलेला एक कागद न्युरेंबर्गला आल्ब्रेख्त ड्यूरर या जर्मन चित्रकाराकडे भेट म्हणून पाठवला. ड्यूररने त्यावर नोंद केली की राफाएलने आपला हात दाखवण्यासाठी हे पाठवलं. तो कागद आज व्हिएन्नाच्या अल्बर्टिना संग्रहालयात आहे. गंमत अशी की ते रेखाटन खुद्द राफाएलचं नसून त्याच्या एखाद्या शिष्याचं असावं, असं काही अभ्यासकांचं मत आहे.

ड्यूरर स्वतः मात्र नावाच्या बाबतीत फार दक्ष होता. मोठ्या 'ए'च्या पायांत बसवलेला 'डी' ही त्याची खूण. त्याच्या छापचित्रांच्या नकला निघू लागल्या तेव्हा १५१२ मध्ये न्युरेंबर्गच्या नगर परिषदेने त्याच्या खुणेचा खोटा वापर करून चित्रं विकणाऱ्या एकाला ती खूण काढून टाकायला लावली. आक्षेप खुणेला होता, नकलेला नव्हे. सही म्हणजे विक्रीचा हक्क ही कल्पना छापखान्याच्या बाजूने आली, रेखाटनांच्या बाजूने नाही.

लिलावाची गोष्ट डच चित्रकार रेम्ब्राँपाशी रंगते. १६३९ साली ॲमस्टरडॅमच्या एका लिलावात राफाएलने काढलेलं कास्तिल्योने या इटालियन लेखकाचं व्यक्तिचित्र आलं. रेम्ब्राँने तिथे त्याचं झटपट टिपण काढलं आणि बाजूला किंमतही लिहून ठेवली, ३५०० गिल्डर. आता ते टिपणही अल्बर्टिनात आहे. बाल्दिनुच्ची हा इटालियन चरित्रकार सांगतो की लिलावात दुसऱ्या मोठ्या चित्रकारांची चित्रं, रेखाटनं आली की रेम्ब्राँ पहिलीच बोली इतकी चढी लावायचा की दुसरा कोणी तोंड उघडत नसे. धंद्याचा मान राखण्यासाठी आपण असं करतो, असं त्याचं म्हणणं. मान राहिला, पैसा राहिला नाही. १६५६ मध्ये त्याचं दिवाळं निघालं. न्यायालयाने घरातल्या वस्तूंची यादी केली, तीत ३६३ नोंदी. शंख-शिंपले, शिरस्त्राणं, पुतळे आणि रेखाटनांनी, छापचित्रांनी भरलेल्या वह्याच वह्या. हे सगळं कायझर्सक्रोन नावाच्या खानावळीत बोली लावून विकलं गेलं. त्याच सुमाराला त्याने मुघल लघुचित्रांवरून केलेली वीसेक रेखाटनं टिकून आहेत: शाहजहान, जहांगीर, झाडाखाली बसलेले शेख. ती मूळ चित्रं त्याला कुठे भेटली असतील, हा माझ्या कुतूहलाचा कायमचा विषय.

जहांगीरचा उल्लेख आलाच आहे तर, त्याने आठवणींत अभिमानाने लिहिलं आहे की चित्र कोणाचं हे नाव न सांगताही आपण ओळखतो. एकाच चित्रात चेहरा एकाने आणि डोळे-भुवया दुसऱ्याने काढल्या असतील तर तेही सांगतो. चीनमध्ये तर संग्राहक आपली मोहर थेट चित्रावरच उमटवत आला. अठराव्या शतकातल्या चियेनलाँग बादशहाने प्राचीन चित्रांच्या मोकळ्या जागा लाल मोहरांनी आणि स्वतःच्या कवितांनी भरून काढल्या. तिथे परंपरेने त्या मोहरा चित्राच्या आयुष्याचाच भाग मानल्या जातात.

युरोपातल्या संग्राहकांनी कोपरा निवडला. सतराव्या शतकात इंग्लंडचा राजसंगीतकार निकोलस लॅनियर आपल्या कागदांवर बारीकशी चांदणी उमटवायचा. पीटर लेली हा दरबारी चित्रकार १६८० मध्ये वारला. त्याचं कर्ज फेडायचं म्हणून त्याच्या मालमत्तेच्या व्यवस्थापकांपैकी रॉजर नॉर्थने त्याने जमवलेल्या हजारो रेखाटनांवर आणि छापचित्रांवर 'पीएल' असा शिक्का मारला आणि नंतर ती लिलावात काढली. हेतू साधा हिशेबाचा होता: कुठला कागद लेलीच्या संग्रहातला आणि कुठला बाहेरून घुसवलेला, हे कळावं. आता त्या दोन अक्षरांमुळे कागदाची पत वाढते.

त्या काळी इंग्लंडमध्ये बोली मेणबत्तीवरही चाले. इंचभर मेणबत्ती पेटवायची. ती विझण्याआधीचा शेवटचा आवाज ज्याचा, माल त्याचा. सॅम्युअल पेप्सने १६६२ च्या रोजनिशीत एका वाकबगार माणसाची युक्ती नोंदवली आहे. ज्योत विझण्याच्या क्षणी धूर खाली वळतो, तेवढं पाहून तो बोली लावायचा. ही विक्री जहाजांची होती, पण शेवटच्या क्षणाची ती धाकधूक लिलावाच्या दालनांत आजही तीच आहे.

फ्रान्समध्ये गोष्ट मोठ्या प्रमाणावर गेली. एव्हरहार्ड याबाख या सावकाराने १६७१ मध्ये चौदाव्या लुईला ५५४२ रेखाटनं विकली. लूव्हर संग्रहालयाच्या रेखाटन विभागाचा पाया तो. पण माझ्या लेखी खरं वळण १७४१ चं. पियेर क्रोझा या धनाढ्य माणसाची सुमारे १९ हजार रेखाटनं पॅरिसमध्ये लिलावात निघाली आणि सूची लिहायचं काम पियेर-जाँ मारिएत या जाणकाराकडे आलं. तोवर सूची म्हणजे बहुधा वाण्याची यादी: इतकी चित्रं, अमक्याची. मारिएतने चित्रकारांच्या शैलीवर टिपणं लिहिली आणि कागद पूर्वी कोणाकडे होते, क्रोझाकडे कसे आले तेही सांगितलं. एका विक्रीसाठी केलेलं हे पुस्तक विक्री संपल्यावरही अभ्यासकांच्या टेबलावर राहिलं. लिलावाने या क्षेत्राला पैसा दिला तो दिलाच. त्याहून मोठी देणगी म्हणजे ही स्मरणशक्ती.

मारिएत स्वतःही अट्टल संग्राहक होता. निळ्या पुठ्ठ्यावर सोनेरी पट्टीत बसवलेली त्याची रेखाटनं जाणकार दुरून ओळखतात. पण त्याचा एक उद्योग ऐकून आजचे संग्रहालयवाले कपाळावर हात मारून घेतील. पाठपोट चित्रं असलेला कागद तो जाडीतून उलगडून दोन वेगळे पापुद्रे करायचा, दोन्ही बाजू शेजारी-शेजारी दिसाव्यात म्हणून. तो गेल्यावर १७७५-७६ च्या हिवाळ्यात त्याचा संग्रह विकला गेला. गाब्रिएल द सँतोबँ नावाचा चित्रकार अशा लिलावांना हजर असायचा आणि सूचीच्या समासात विकल्या जाणाऱ्या चित्रांची नखाएवढी रेखाटनं काढायचा. कित्येक हरवलेल्या चित्रांचा आज तेवढाच पुरावा उरला आहे.

आता पुन्हा 'टीएल'. लॉरेन्सने व्यक्तिचित्रांतून मिळवलेला पैसा रेखाटनांत ओतला. १८३० मध्ये तो वारला तेव्हा मृत्युपत्रात लिहिलेलं होतं की सगळा संग्रह १८ हजार पौंडांना आधी राजाला, मग ब्रिटिश म्युझियमला, मग रॉबर्ट पील आणि लॉर्ड डडली यांना देऊ करावा. चौघांनीही नको म्हटलं. शेवटी सॅम्युअल वुडबर्न या विक्रेत्याने तो घेतला, शंभर-शंभर कागदांची दहा प्रदर्शनं भरवली आणि मग तुकड्या-तुकड्यांनी विकला. मायकेलअँजेलो आणि राफाएलचा मोठा गट लोकवर्गणीतून ऑक्सफर्डला गेला म्हणून वाचला. अस्वल उरलेल्यांत होतं.

पेन्सिलने केलेली सही हा प्रकार त्यानंतरचा, आणि खरं सांगायचं तर बराचसा धंद्याचा. छापचित्राच्या पाटीवर कोरलेलं नाव हजार प्रतींवर सारखंच उमटतं. १८८० च्या दशकात व्हिसलर आणि त्याचा मेहुणा सेमूर हेडन यांच्यासारखे चित्रकार प्रत्येक प्रतीवर वेगळी सही करू लागले. व्हिसलर तर समास पूर्ण कापून टाकायचा आणि सहीपुरती एक चिमुकली पट्टी ठेवून तिच्यावर आपली खूण म्हणून फुलपाखरू काढायचा. सही केलेल्या प्रतीला जास्त दाम हे लवकरच रूढ झालं. पुढे याच वाटेने घसरणही झाली. १९७४ मध्ये फ्रेंच सीमाशुल्क अधिकाऱ्यांनी अँडोराच्या वाटेवर एक ट्रक अडवला, तर आत साल्वादोर दाली या स्पॅनिश चित्रकाराच्या सह्या असलेले ४० हजार कोरे कागद. सही होती, चित्र अजून छापायचं होतं. लिलावाच्या सूचीत 'चित्रकाराची सही' आणि 'चित्रावर सही आहे' असा भेद करतात, तो नवख्याला शब्दच्छल वाटतो. पहिल्यात सही चित्रकाराचीच आहे असं लिलावगृह मानतं. दुसऱ्यात फक्त शाई दिसली एवढंच सांगतं.

फ्रेंच चित्रकार देगाचं उदाहरण याच्या उलटं. तो सहसा विकायच्या चित्रांवरच सही करी. १९१७ मध्ये तो वारला तेव्हा कार्यशाळेत शेकडो सही नसलेले कागद सापडले. १९१८ आणि १९१९ मध्ये चार लिलाव झाले आणि प्रत्येक कागदावर त्याच्या सहीसारखा दिसणारा लाल 'देगा' शिक्का मारला गेला. हाताची सही नव्हे, पण बनवाबनवीही नव्हे. देगाच्या रेखाटनांत आज तो लाल शिक्काच सर्वांत ओळखीचा आहे. त्याआधी, मार्च १९१८ मध्ये देगाने स्वतः जमवलेली इतरांची चित्रं विकायला निघाली तेव्हा पॅरिसवर जर्मन तोफांचा मारा चालू होता. अर्थतज्ज्ञ केन्स लंडनच्या नॅशनल गॅलरीसाठी सरकारी पैसा घेऊन तिथे आला, स्वतःसाठी सेझान या चित्रकाराचं सफरचंदांचं चित्र घेतलं आणि परतताना सामान जड झालं म्हणून ते चित्र रस्त्याकडेच्या कुंपणात ठेवून घरी चालत गेला. लिलावांत किमती अशा चढत असताना चित्रकाराच्या वारसांना काहीच मिळत नाही, ही टोचणी फ्रान्सने १९२० मध्ये कायद्यात आणली आणि पुनर्विक्रीतला वाटा त्यांना मिळू लागला.

विसाव्या शतकात जुनाच खेळ नव्या कागदांवर सुरू झाला. ॲनिमेशनपटांची चित्रं ज्यांवर रंगवत त्या पारदर्शक पट्ट्या म्हणजे धुऊन पुन्हा वापरायची वस्तू होत्या. १९३८ पासून सॅन फ्रान्सिस्कोच्या कूर्व्हाझिए गॅलरीने डिस्नीच्या पट्ट्या चौकटीत बसवून विकल्या, तेव्हा त्या कलावस्तू झाल्या. कॉमिक्सची मूळ पानं छपाई झाली की प्रकाशकाकडेच पडून राहत, फाटत, कोणालाही वाटली जात. अमेरिकेतले प्रकाशक १९७० च्या दशकात ती चित्रकारांना परत देऊ लागले. जॅक कर्बी या चित्रकाराला मात्र आपल्या जुन्या पानांसाठी वर्षानुवर्षं झगडावं लागलं आणि १९८७ मध्ये त्यांतला काही भाग तेवढा मिळाला. टिनटिन या कॉमिक्सच्या नायकाच्या एका पुस्तकासाठी त्याचा बेल्जियन चित्रकार एर्जे याने १९३६ मध्ये काढलेलं आणि न छापलेलं मुखपृष्ठ, घड्यांच्या खुणांसकट, जानेवारी २०२१ मध्ये पॅरिसला शुल्कासह ३० लाख युरोंच्या वर गेलं. पंधराव्या शतकातल्या चित्रशाळेची चळत आणि कॉमिक्सच्या कचेरीतला गठ्ठा यांत मला तरी फारसा फरक दिसत नाही.

कोपऱ्यातल्या शिक्क्यांचा हिशेब अखेर एका माणसाने मांडला. फ्रिट्स लुख्त या डच संग्राहकाने १९२१ मध्ये संग्राहकांच्या खुणांचा कोश काढला, १९५६ मध्ये पुरवणी जोडली. आजही लिलावाच्या सूचीत शिक्क्यापुढे 'एल' आणि आकडा दिसतो, तो लुख्तचा क्रमांक. खोटे शिक्केही त्याने नोंदले, कारण लेलीचा शिक्का कोणालाही कोरून घेता येतो.

एरिक हेबॉर्नला हे सगळं माहीत होतं. या इंग्रज चित्रकाराने जुने कागद मिळवले, जुन्या पद्धतीची शाई बनवली आणि जुन्या उस्तादांची नवी रेखाटनं मोठमोठ्या संग्रहांत पोचवली. सही त्याला फारशी लागलीच नाही. त्या काळच्या रेखाटनांवर ती नसणंच स्वाभाविक होतं. १९७८ मध्ये वॉशिंग्टनच्या नॅशनल गॅलरीतल्या एका तज्ज्ञाच्या लक्षात आलं की आपल्याकडचं एक रेखाटन आणि न्यूयॉर्कच्या मॉर्गन संग्रहातलं दुसरं, वेगवेगळ्या कलावंतांच्या नावावर असलेलं रेखाटन, एकाच जातीच्या कागदावर काढलेली आहेत. दोन्ही हेबॉर्नचीच होती.