डिस्कचं ऑपरेशन झालं, तरी पाय का दुखतोय?

दुर्बिणीतून कमरेतल्या डिस्कचं, म्हणजे दोन मणक्यांमधल्या गादीचं, ऑपरेशन झाल्यावर आमच्याकडे व्यायामासाठी येणारे बहुतेक जण आधी हेच विचारतात. ऑपरेशन फसलं की काय, ही धास्ती त्यामागे असते.

डिस्कचा सरकलेला तुकडा काढला की नसेवरचा दाब जातो. पण ती नस कित्येक आठवडे दबून सुजलेली असते, ऑपरेशनच्या वेळी तिला थोडं बाजूलाही सारावं लागतं. ती लगेच शांत होत नाही. कमरेतून निघणाऱ्या या नसा पार पावलापर्यंत जातात, म्हणून टाके पाठीत आणि कळ पोटरीत. काहींना पहिले चार दिवस एकदम हलकं वाटतं आणि मग दुखणं परत डोकावतं. सूज उतरवणाऱ्या औषधाचा असर ओसरलेला असतो आणि बरं वाटतंय म्हणून वावरही वाढलेला असतो.

सहसा कळ आधी जाते, ताकद हळूहळू येते, बधिरपणा सगळ्यात शेवटी जातो. नसेचे धागे तुटलेले असतील तर ते दिवसाला जेमतेम १ मिलिमीटर वाढतात. त्यामुळे मुंग्या काही महिने राहिल्या तरी खचून जाऊ नका.

आज किती दुखलं यापेक्षा दुखणं कुठे सरकतंय ते पाहा. पावलातलं दुखणं मांडीत, मांडीतलं कुल्ल्यात आलं, तर कंबर थोडी जास्त दुखली तरी ते चांगलं लक्षण आहे. उलट ते खाली उतरू लागलं तर त्या दिवशी काय जास्त झालं ते आठवा. बहुधा बसणं झालेलं असतं. सुरुवातीला २०-३० मिनिटांपेक्षा जास्त सलग बसू नका. थोडं थोडं, पण दिवसातून अनेकदा चाला. पाय ताणून ‘नस मोकळी’ करायला जाऊ नका, चिडलेली नस त्याने आणखी चिडते. नसेच्या गोळ्या मनाने बंद करू नका.

पूर्वीसारखीच जोराची सणक अचानक आली आणि पडून राहूनही थांबली नाही, तर सर्जनला कळवा. डिस्क पुन्हा सरकू शकते, शंभरात साधारण ५ ते १० जणांना हे होतं. ताप आला किंवा जखमेतून पाणी येऊ लागलं, तरी कळवा.

लघवी अडली किंवा नकळत होऊ लागली, शौचावरचा ताबा गेला, जांघेत बधिरपणा आला, पाऊल उचलेनासं झालं, एकाच पायाची पोटरी सुजून गरम झाली किंवा धाप लागली, तर आमच्याकडे वेळ घेत बसू नका. रात्र असली तरी तडक हॉस्पिटल गाठा.