कॅरिअर, चेनकव्हर, मडगार्ड: सोलापूरच्या कामाच्या सायकलीची पार्श्वभूमी

आज सायकलच्या दुकानात गेलं की पहिला प्रश्न येतो, गिअरची दाखवू की बिनगिअरची? तीस-चाळीस वर्षांपूर्वी सोलापुरात हा प्रश्नच नव्हता. फ्रेम बावीस इंची घ्यायची की चोवीस इंची आणि हिरो, ॲटलस की हर्क्युलस, एवढं ठरलं की सायकल ठरली. कॅरिअर, स्टँड, चेनकव्हर, दोन्ही मडगार्ड, घंटी हे सगळं तिच्याबरोबरच येई. आता यातल्या निम्म्या गोष्टी वेगळे पैसे मोजून लावून घ्याव्या लागतात. त्या मुळात का होत्या हे कळलं तर कुठे पैसे खर्चायचे हेही कळतं.

सुरुवात इंग्लंडातली. जॉन केम्प स्टार्ली यांची ‘रोव्हर’ १८८५ साली आली. दोन जवळपास सारखी चाकं आणि मागच्या चाकाला चेन ही तिची मांडणी अजून टिकून आहे. १८८८ मध्ये डनलॉप यांनी हवेच्या टायरचं पेटंट घेतलं आणि हाडं खिळखिळी होणं थांबलं. त्यानंतर तिथे पोस्टमन, पोलीस आणि कारकून यांच्यासाठी जी दणकट सायकल तयार झाली तीच आपली काळी सायकल. रस्ते ओले आणि अंगावर कामाचे कपडे, म्हणून लांब मडगार्ड, झाकलेली चेन आणि ताठ बसता येईल असं हँडल. साहेबाच्या पँटला ग्रीस लागू नये म्हणून केलेली ही सोय पुढे आपल्याकडच्या धोतराच्या सोग्याला आणि पायजम्यालाही उपयोगी पडली. हिंदुस्थानचा विचार करून कोणी ती केली नव्हती.

सोलापुरात ही सायकल रुजायला जमीन तयार होती. ‘जुनी गिरणी’ म्हणतात ती कापडगिरणी १८७७ साली सुरू झाली, पुढे लक्ष्मी, विष्णू आणि नरसिंग गिरजी गिरण्या आल्या. भोंग्यावर चालणारं शहर, पाळ्या पहाटेच्या आणि रात्रीच्याही. गाव सपाटीवरचं, घाट-चढ नाही, आणि बहुतेक पेठा सायकलवर अर्ध्या-पाऊण तासात गाठता येतात. तरी सुरुवातीला सायकल कामगाराच्या आवाक्यातली नव्हती. आयात केलेली गाडी वकील-डॉक्टरांकडे आणि साहेबांकडे असायची. ती खऱ्या अर्थाने कष्टकऱ्याची झाली स्वातंत्र्यानंतर. मद्रासजवळ अंबत्तूरला टीआय सायकल्स (१९४९), सोनीपतला ॲटलस (१९५१), आसनसोलला सेन-रॅले (१९५२) आणि लुधियानात हिरो (१९५६) असे कारखाने निघाले. परदेशी मालावर बंधनं असल्यामुळे एकच जुना इंग्रजी नमुना देशभर वर्षानुवर्षं निघत राहिला. त्यात नवं काही आलं नाही, ही तक्रार रास्तच. पण कोणत्याही गावात, कोणत्याही मिस्त्रीकडे तिचा सुटा भाग मिळू लागला आणि रोजच्या सायकलीसाठी त्याहून मोठा गुण नाही.

त्या गाडीची बांधणी नीट पाहण्यासारखी आहे. पुढच्या चाकाला ३२ आणि मागच्याला ४० तारा, कारण ओझं मागे. ब्रेक रॉडचे. वायर नाही, त्यामुळे तुटायची भीती नाही, आणि वाकलेला रॉड साध्या पकडीने सरळ होतो. मात्र पावसात भिजलेल्या लोखंडी रिमवर ते जेमतेम धरतात, तेव्हा पाय टेकवूनच थांबावं लागे. बहुतेक गाड्यांना पुढे ४४ दात्यांचं चक्र आणि मागे १८ दात्यांचं फ्रीव्हील. पेडलचा एक फेरा झाला की गाडी साधारण साडेपाच मीटर पुढे जाते. सपाट रस्त्याला हे माप झकास आहे. पण आषाढात पश्चिमेचा वारा सुटला की अक्कलकोट रोड एमआयडीसीतून संध्याकाळी शहराकडे परतणाऱ्याचा दम निघतो. सोलापुरात गिअर हवेतच असं मी म्हणणार नाही, पण ज्यांना हवेत त्यांनी ते चढासाठी नव्हे, वाऱ्यासाठी घ्यावेत. तीन गिअर पुरतात. एकवीस गिअरच्या गाडीत बाकीचे अठरा शोभेचे. त्याहून स्वस्त उपाय म्हणजे १८ दात्यांचं फ्रीव्हील काढून २० दात्यांचं बसवणं, म्हणजे पेडल हलकं पडतं.

ओझ्याचं म्हणाल तर इथलं कॅरिअर कधी रिकामं नसायचं. पूर्व भागातल्या मागांवर जाणारे सुताचे गठ्ठे, तिथून चाटी गल्लीकडे निघालेल्या चादरी, दोन्ही बाजूंना लटकवलेले दुधाचे कॅन. हँडलला डबा, त्यात कडक भाकरी आणि शेंगाची चटणी. पुढे दांडीवर पोरगं. आज विकतात त्या ॲल्युमिनियमच्या बारीक कॅरिअरवर हा संसार बसत नाही. कॅरिअर घेताना ते मागच्या चाकाच्या आसाशी नटाने आवळलं जातं की नुसतं सीटच्या नळीला चिमटलेलं आहे, तेवढं पाहा. चिमट्याचं कॅरिअर भरल्या पिशवीने फिरतं.

मग काटे. शहराबाहेरच्या रस्त्यांच्या कडेला सराटा आणि वेडी बाभूळ. पंक्चरवाला घमेल्यातल्या पाण्यात ट्यूब फिरवून बुडबुडे शोधतो, घासून, सोल्युशन लावून ठिगळ चिकटवतो, हे सगळ्यांना ठाऊक आहे. त्याचं खरं कसब त्यानंतर दिसतं. टायरच्या आतून तो हळूच बोटं फिरवतो आणि मोडून राहिलेलं सराट्याचं टोक चाचपून काढतो. ते राहिलं की पुढच्या चौकात पुन्हा “काय बे, बसली का हवा?” जुना दीड इंची जाड टायर इथे टिकला तो याचसाठी. रेसर गाडीचा पातळ टायर हौसेला ठीक.

कपड्यांचा इतिहास थोडक्यात सांगतो. धोतरानंतर पायजमा आणि खाकी हाफपँट, मग टेरिकॉट, मग बेलबॉटम. बेलबॉटमच्या घोळाने चेनशी वैर घेतलं आणि घोट्याला लावायची लोखंडी क्लिप खपू लागली. उन्हाचं उत्तर मात्र घरचंच होतं. चाळिशी पार केलेल्या वैशाखात पूर्ण बाह्यांचा सैल सुती सदरा आणि डोक्याला गुंडाळलेला टॉवेल. ज्या गावात टॉवेल विणले जातात तिथे वेगळं सांगायची गरज नव्हती. सायकलस्वारांचे तंग, चकचकीत कपडे लांब पल्ल्याला सोयीचे असतील, पण कामावर पोचून दिवसभर त्याच कपड्यांत बसायचं असेल तर सुती बरं.

बायकांची गोष्ट वेगळी. त्यांच्यासाठी दांडी नसलेली, साडी अडकू नये म्हणून मागच्या चाकाला जाळी लावलेली सायकल फार आधीपासून होती. वापरल्या त्या बहुतेक शिक्षिका, नर्स आणि शाळकरी मुलींनी. विडी कामगार बाया तंबाखू-पानं आणायला पायीच जात राहिल्या. दोष सायकलीचा नव्हता, घरात एकच गाडी असली तर ती पुरुषाची ठरे.

पडझड झाली ती दोन टप्प्यांत. १९७२ मध्ये लुना आली आणि ज्याला जमेल तो पेडलकडून पेट्रोलकडे वळला. पुढे गिरण्याही एकेक करून बंद पडल्या. सायकल उरली ती पोरांसाठी, म्हणून कंपन्यांनी ती पोरांना आवडेल अशी केली. जाड गुटीचे टायर, रंगीत फ्रेम, पुढच्या चाकाला स्प्रिंगचा चिमटा (सस्पेन्शन). डोंगर नसलेल्या जिल्ह्यात डोंगरी सायकल आली आणि जाताना मडगार्ड, चेनकव्हर, कॅरिअर घेऊन गेली. स्वस्तातला स्प्रिंगचा चिमटा नुसतं वजन वाढवतो, खड्ड्यात फार काही वाचवत नाही. तो नसलेली गाडी निवडली की तेवढ्या पैशात डबल स्टँड, कॅरिअर आणि पुढे-मागे दिवे बसतात.

दिव्याचीही एक कथा आहे. राज्यातल्या शहरांत सायकलला नगरपालिकेचा बिल्ला लागत असे आणि अंधारात दिवा नसेल तर पोलीस अडवत. आधी रॉकेलचा, मग टायरला घासून चालणारा डायनॅमो. बिल्ला गेला, धाक गेला, दिवाही गेला. आता चार्जिंगचा छोटा दिवा सहज मिळतो. होटगी रोडला किंवा जुळे सोलापुरात रात्री जाणाऱ्याने पुढच्यापेक्षा मागचा लाल दिवा आधी घ्यावा, कारण ट्रक मागून येतो. हेल्मेटची सायकलला कायद्याने सक्ती नाही, पण हायवे ओलांडावा लागत असेल तर घालाच.

मडगार्ड लावताना टायर आणि त्याच्यात बोटभर जागा ठेवायला मिस्त्रीला सांगा. कमी ठेवली तर पावसाळ्यात काळी माती मध्ये घट्ट बसून चाक जाम होतं. खेड्याकडून येणारे कित्येक जण याच कारणाने मडगार्ड काढूनच टाकतात आणि पाठीवर चिखलाचा पट्टा घेऊन कामावर येतात.