ढगांआडचे ऊन आणि पोटातली गोळी

मुंबईवर सूर्य वर्षातून दोनदा बरोबर डोक्यावर येतो, मे महिन्याच्या मध्यास आणि पुन्हा जुलैच्या अखेरीस. मे महिन्यातला शून्य सावली दिवस सर्वांच्या लक्षात राहतो. जुलैतला बहुधा ढगांत हरवतो. याच जुलैत हिंदमाता, सायन, कुर्ला या भागांत पाणी तुंबते आणि त्या पाण्यातून चालत गेलेल्यांना लेप्टोस्पायरोसिस (लेप्टो, उंदरांच्या मूत्रातून पाण्यात येणाऱ्या जंतूंचा आजार) होऊ नये म्हणून डॉक्टर डॉक्सिसायक्लिनच्या गोळ्या देतात. हे औषध त्वचेला उन्हाच्या बाबतीत कमालीचे हळवे करू शकते, ही गोष्ट मात्र गर्दीच्या वेळी सांगायची राहून जाते.

माझा भाचा हेच औषध मुरुमांसाठी रोज घेत होता आणि कुर्ल्याहून अंधेरीला मोटारसायकलने कामावर जात होता. पावसाने उघडीप दिलेल्या आठवड्यात त्याच्या दोन्ही हातांची मागची बाजू आधी जळजळली आणि मग काळवंडली. घड्याळाच्या पट्ट्याखालची त्वचा मात्र आखून दिल्यासारखी स्वच्छ राहिली. काही दिवसांनी बोटांची नखे टोकाकडून सुटू लागली. अंगठ्यांना काहीच झाले नव्हते, कारण हँडल धरताना अंगठे खाली दडलेले असतात. औषध रक्तावाटे सर्व शरीरभर पोहोचलेले असूनही इजा तेवढी उघड्या जागीच झाली, हीच या विकाराची खूण. हनुवटीखालचा आणि कानामागचा भाग असाच बचावतो.

असे होण्याचे कारण औषधाच्या रेणूत आहे. सूर्याच्या अतिनील किरणांपैकी ३२० ते ४०० नॅनोमीटर तरंगलांबीचे, म्हणजे यूव्हीए किरण त्वचेत खोलवर शिरतात. तेथे पोहोचलेला औषधाचा रेणू ते शोषून घेतो, उत्तेजित होतो आणि ती ऊर्जा शेजारच्या ऑक्सिजनला देतो. असा खवळलेला ऑक्सिजन पेशींची आवरणे जाळतो. म्हणूनच त्रास काही मिनिटांत किंवा तासांत सुरू होतो आणि औषधाची मात्रा व ऊन जितके जास्त, तितका तो वाढतो. विरळ ढगांतून हे किरण बऱ्याच प्रमाणात खाली येतात, आणि खिडकीची साधी काच यूव्हीबी, म्हणजे त्याहून आखूड तरंगलांबीचे अतिनील किरण, अडवत असली तरी यूव्हीएला वाट देते. तेव्हा बसच्या बंद खिडकीशी बसलेला प्रवासीही पूर्ण सुरक्षित नसतो.

औषध आणि ऊन मिळून होणाऱ्या त्रासाचा दुसरा प्रकार ॲलर्जीचा. त्यात प्रकाशामुळे औषधाचे रूप बदलते, ते त्वचेतील प्रथिनाला चिकटते आणि शरीराची प्रतिकारयंत्रणा त्याला शत्रू समजते. गुडघ्याला चोळायच्या किटोप्रोफेन जेलमुळे असे होऊ शकते. खाज व पुरळ एक ते तीन दिवसांनी उठते, कधी झाकलेल्या भागावरही पसरते, आणि म्हणून जेल लावलेली जागा औषध थांबवल्यावरही दोन आठवडे उन्हापासून जपायची असते.

रक्तदाबाच्या अनेक जोडगोळ्यांत असणारे हायड्रोक्लोरोथायझाइड, हृदयाची लय सांभाळणारे अमिओडॅरोन, जंतुसंसर्गावरचे सिप्रोफ्लॉक्सासिन, वेदनाशामक नॅप्रोक्सेन, बुरशीवरचे व्होरिकोनाझोल ही उन्हाशी न पटणाऱ्या औषधांच्या यादीतली आणखी नावे. अर्थात, ती घेणाऱ्या प्रत्येकाला त्रास होतोच असे नाही.

सावळ्या त्वचेवर लाली ठळक दिसत नाही, थेट काळपटपणाच नजरेत भरतो, आणि ‘ऊन लागले’ म्हणून घरोघरी त्यावर लिंबू चोळले जाते. हे मला सर्वांत काळजीचे वाटते. लिंबाच्या सालीत व रसात फ्युरोकुमारिन गटाची द्रव्ये असतात आणि ती लावून उन्हात गेल्यास स्वतंत्रपणे त्वचा भाजू शकते. भाजलेल्या जागी तर तो दुहेरी मारा होतो. गंमत अशी की कोडावर पूर्वापार वापरली जाणारी बावची याच गटातील सोरालेन या द्रव्यामुळे गुण देते. त्वचारोगतज्ज्ञ पुवा उपचारात सोरालेन देऊन मोजून-मापून यूव्हीए किरण सोडतात तेव्हा जो परिणाम औषध ठरतो, तोच बेहिशेबी उन्हात इजा ठरतो.

अशी गोळी सुरू असेल तर पूर्ण बाह्यांचे, दाट विणीचे कपडे आणि दुपारी छत्री हा पहिला उपाय. सनस्क्रीन घेताना केवळ एसपीएफ पाहू नये, कारण तो आकडा मुख्यतः यूव्हीबीचा असतो. यूव्हीएसाठी पुढची पीए ही अक्षरे आणि त्यांपुढची अधिकाची (+) चिन्हे पाहावीत. डॉक्सिसायक्लिन रात्री घेतल्यानेही सुटका होत नाही, कारण ते शरीरात दिवसभराहून अधिक काळ टिकते. त्रास दिसताच हात झाकावेत आणि डॉक्टरांना दाखवावे, पण गोळी आपल्या मनाने बंद करू नये: तुंबलेल्या पाण्यातून चालून आल्यावर ७२ तासांच्या आत डॉक्टरांना गाठून घेतलेली मात्रा लेप्टोपासून जीव वाचवू शकते, आणि रक्तदाबाच्या गोळीला बहुतेक वेळा दुसरा पर्याय मिळतो. भाच्याचे औषध डॉक्टरांनी बदलून दिले. नखे महिन्याला सुमारे ३ मिलिमीटर वाढतात, त्यामुळे ती पूर्ववत व्हायला थंडी उजाडली.